किलोने विकण्याआधी उघडून पाहा
(यवतमाळ जिल्ह्यातील युवक-युवतींसमोर केलेले भाषण)



मित्रांनो आणि बहिणींनो, आपण कापसाच्या मुलखातली माणसं. कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई वेगळी होते, सरकी वेगळी. सरकीचं तेल निघतं, ढेप जनावरांना जाते आणि शेतात उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते. मग घरातला कॉम्प्युटर बंद पडला की तो आपण अख्खाच किलोच्या भावाने का देतो? कारण आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. आज मला एवढंच सांगायचं आहे, की हे ठाऊक करून घेणं हा रोजगार आहे आणि जबाबदारीही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची मदत थांबवली. आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे ऑफिसांतून, दुकानांतून धडधाकट मशीन ‘जुनी’ म्हणून बाहेर पडतायत. त्यात रॅम वाढवा, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावा, लिनक्स टाका. अभ्यासाला, टायपिंगला ते मशीन उत्तम चालतं. लिनक्सवर मराठीही लिहिता येतं, उर्दूही.

जे मशीन उठणारच नाही, ते खोला. आधी वायर काढा. रॅम काढून तिची खाच पाहा. डीडीआर3 आणि डीडीआर4 ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. प्रोसेसर, पंखा, केबल, स्क्रूसुद्धा वेगळे ठेवा. पॉवर सप्लाय चालू असेल तर तसाच वापरा, पण त्याचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. जुन्या डब्बा मॉनिटरलाही हात लावू नका. त्याच्या काचेत शिसं असतं.

आता हार्ड डिस्क. तिच्यात कुणाचं आधार कार्ड असतं, कुणाच्या लेकीचे फोटो, कुणाच्या दुकानाचा हिशेब. ‘डिलीट’ दाबल्याने ते जात नाही, फक्त नजरेआड होतं. ही अमानत आहे. मालकाला विचारा, हवं ते त्याला काढून द्या आणि मग पूर्ण डिस्कवर नवीन डेटा लिहून जुना मिटवा. बंद पडलेल्या डिस्कला आरपार भोक पाडा. आत डोकावायचा हक्क आपल्याला नाही.

विकतानाही तसंच. रॅम तपासूनच विका, जुन्या पार्टला जुनाच म्हणा. मापात खोट करणाऱ्यांसाठी कुरआनात एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आणि रसूलुल्लाह (स.) आपली चप्पल स्वतः दुरुस्त करीत, असं हजरत आयेशा (रजि.) सांगतात. दुरुस्तीच्या कामात कमीपणा कसला?

उरलेल्या बोर्डांचं काय? तांब्यासाठी वायर आणि सोन्यासाठी बोर्ड जाळायचा मोह होतो. मुरादाबादला रामगंगेच्या काठी हेच झालं. राखेचे ढीग नदीला लागले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. दिल्लीच्या सीलमपूरमध्येही ई-कचरा फोडून कितीतरी घरं पोट भरतात. या वस्त्यांमध्ये हात आपल्याच लोकांचे आहेत आणि धूरही त्यांच्याच लेकरांच्या छातीत जातो. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद त्यातल्या एक चतुर्थांशाचीही नाही. बाकीच्यातला बराचसा कुणाच्या तरी दारात फुटतो किंवा जळतो.

आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. उरलेला माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. एकट्याला परवडत नसेल तर चार दुकानांचा माल एकत्र पाठवा. आपल्या कबाडी चाचांनाही सोबत घ्या. माल त्यांच्याकडे येतो, माहिती तुमच्याकडे आहे.

पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, प्रत्येक गावात एक टेबल लागू द्या. त्यावर एक मल्टिमीटर, एक स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि शिकायला येणारी दोन मुलं, दोन मुली. पहिलं तयार झालेलं मशीन अशा घरी द्या, जिथे दहावीचं लेकरू मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर अभ्यास करतंय. दुसरं विका आणि त्या पैशातून तिसऱ्यासाठी एसएसडी आणा.

खुदा हाफिज.