जुनी फियाट, ताजा छंद

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं की जुन्या फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं, सगळं पोटच समोर दिसतं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर. संगणक कुठेच नाही, म्हणून हौशी माणसाला बरंचसं काम घरच्या घरी करता येतं.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर थांबली. उरल्या त्या मायेनं जपलेल्या गाड्या.

जपायचं कसं? इंजिन थंड असताना चोक ओढायचा, तापलं की हळूहळू आत सारायचा. गाडी अडखळायला लागली, तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट पाहायचे. टोकं काळवंडली असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, फटीत फीलर गेज घालून अंतर लावायचं. मग इंजिनाचा सूर जुळतो आणि हात काळे झाल्याचं सार्थक होतं!

इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुने रबरी पाइप खराब होतात. ते आधीच बदललेले बरे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात. आठवड्याची एक फेरी हवीच.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते.