भरून द्यायचं, पण केव्हा?

"करा सही, काही झालं तर मी भरून देईन," असं भाऊबंदांत सहज बोललं जातं. कायद्याच्या लेखी हा करारच होतो. १८७२ च्या करार कायद्याचे १२४ वे कलम त्यासाठी आहे. कागदावर घेतलेला बरा, एवढंच.

पण भरून द्यायचं केव्हा? जागा लिलावात गेल्यावर? मुंबईच्या एका गृहस्थाने दुसऱ्याच्या देण्यापोटी आपली जागा गहाण टाकली होती. १९४२ साली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला यांनी ठरविले, की पदरचा पैसा जाईपर्यंत थांबायला नको. देणे निश्चित अंगावर आले, की त्यातून सोडविण्याची मागणी करता येते.

आगीच्या विम्याचंही मूळ भरपाईच. आठ हजारांचा गोठा जळाला, तर विमा दहाचा असला तरी आठच मिळायचे. आयुर्विम्यात मात्र ठरलेली रक्कम मिळते.