एक मुलगा, दोन खेळ

शाळेंत फुटबॉल व बास्केटबॉल दोहोंत चमकणाऱ्या मुलानें पुढें काय धरावें, हा प्रश्न अमेरिकेंत अनेक घरांना पडतो. तिकडील फुटबॉल हा आपला पायचेंडू नव्हे. त्यांत चेंडू हातीं धरून धांवतात. व्यावसायिक संघांत तेथें ५३ खेळाडू, बास्केटबॉलमध्यें सुमारें १५. एकींत जागा अधिक, दुसरींत अंगावर आघात कमी.

लेब्रॉन जेम्सनें शाळेच्या अखेरच्या वर्षीं फुटबॉल सोडला. २००३ सालीं बास्केटबॉलच्या व्यावसायिक निवडींत पहिलें नांव त्याचेंच आलें. उलट अँटोनियो गेट्स महाविद्यालयांत बास्केटबॉलच खेळला. पण सहा फूट चार इंच उंची त्याच्या जागेला तोकडी ठरली. त्याच वर्षीं तो फुटबॉलकडे वळला, आणि उंच उडून चेंडू पकडण्याची जुनी हातोटीच तेथें कामास आली. २०२५ सालीं त्या खेळाच्या सन्मान-मंदिरांत त्याला स्थान मिळालें.

मीं एका ठेंगण्या विद्यार्थ्याला व्हॉलीबॉल सोडावयास लावून खो-खोला जुंपलें होतें. दोन वर्षांत तो ताडासारखा वाढला; माझा निर्णय मात्र खुजाच राहिला. पालकहो, निवड अवश्य करावी. पण आधीं मुलाची वाढ पुरी होऊं द्यावी, आणि निकाल त्याच्याच तोंडून ऐकावा.