आधी ऐकावं, मग मिटवावं
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)





शंभर वर्षं चाललेल्या दिंडीपुढं बोलायचं म्हणजे छातीत धडधड होते. मी कीर्तनकार नव्हे. तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केली आणि आषाढात तुमच्याबरोबर टाळ धरून चाललो, एवढीच माझी ओळख. म्हणून मला ठाऊक असलेल्या विषयावरच बोलतो. भांडण कसं मिटवावं?

माउलींच्या सोहळ्यात तळावर समाजआरतीला काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. चोपदार चोप उंच करतात आणि एवढ्या मोठ्या समाजात एकदम शांतता पसरते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग तिची तक्रार ऐकून घेतली जाते, मार्ग काढला जातो आणि तेव्हाच ते टाळ थांबतात. त्यानंतर आरती. तक्रार दाबून आरती होत नाही.

आपल्या राज्यात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या झाल्या. बांध, पाण्याची पाळी, गुरं शिरल्याचं भांडण, अशी कितीतरी प्रकरणं देवळाच्या ओट्यावर मिटली. चांगलं काम झालं. पण आमच्या हातून एक चूकही झाली, ती आज सांगतो.

वडील वारल्यावर शेताच्या वाटणीचा प्रश्न आला. आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, हे वकील म्हणून मला पाठ होतं. बहिणीनं वाटा मागितला. समिती बसली. कुणी म्हणालं, "बाई, गुंठ्यांपायी माहेर तोडतीस का?" कुणी म्हणालं, "गावाची शोभा करू नका." तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. आम्ही साडीचोळी केली. तंटा मिटला म्हणून वहीत नोंद झाली. मी तिथंच बसलो होतो, एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर बहीण दिवाळीला आली नाही. वारीत मात्र भेटायची. डोक्यावर तुळस, रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाया पडायचो, पण बोलणं नाही. नऊ वर्षं गेली. एका वर्षी तळावर एका दिंडीचे टाळ काही केल्या थांबेनात. बहीण माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दादा, मला त्या दिवशी टाळसुद्धा वाजवू दिला नाही तुम्ही."

माउली, त्या रात्री मला झोप लागली नाही.

गावी आल्यावर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज केला. मध्यस्थ बाई मिळाल्या. त्यांनी निवाडा दिला नाही. मध्यस्थाचं ते कामच नाही. त्यांनी आधी प्रत्येकाला वेगळं बसवून ऐकलं आणि सांगितलं, की इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा मनातलं बाहेर आलं. धाकट्याला भीती होती, बहीण जमीन परक्याला विकेल. बहिणीला पैसा नकोच होता. वडिलांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव हवं होतं. शेवटी वीस गुंठे तिच्या नावे नोंदणीकृत दस्तानं केले. विकायची वेळ आलीच तर आधी भावांना विचारायचं, असं ठरलं. तीन बैठका लागल्या.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. लोकअदालत 1987 च्या कायद्यानं चालते. तिथं फी नाही, आधी भरलेली कोर्ट फीही परत मिळते. दावा दाखल होण्याआधीही तिथं जाता येतं. तिथला तडजोडीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी वाचून घ्या. बायामाणसांना मिळकत कितीही असली तरी सरकारी खर्चानं वकील मागता येतो. दुकानदार, अडत्ये मंडळींनीही ऐकावं. 3 लाख किंवा त्याहून मोठा व्यापारी दावा लावायचा, तर तातडीचा मनाईहुकूम नको असेल तेव्हा आधी मध्यस्थीला जावंच लागतं. 2023 साली संसदेनं मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही केला.

पण सगळंच मिटवायचं नसतं. खून, बलात्कार, अशा गुन्ह्यांची तडजोड लोकअदालतीतसुद्धा होत नाही. तिथं ओटा नाही, पोलीस ठाणं. आणि घरात मार खाणारी लेक दारात आली, तर "नांदायला जा" म्हणून तिला परत लोटणं, याला मध्यस्थी म्हणत नाहीत.

तुमच्यातले पुष्कळजण गावात चार माणसांत बसता. माळेमुळं तुमच्या शब्दाला वजन आहे. भांडण मिटवायला बसलात, तर सगळ्यांत हळू बोलणाऱ्याला आधी विचारा. तो गप्प असेल तर तंटा मिटला असं समजू नका.

गेल्या दिवाळीला बहीण घरी आली होती. पुरणपोळी तिनंच केली.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!