तार कुठे पडेल? : परसातला पहिला अँटेना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की हॅम रेडिओचा परवाना तर मिळाला, पण अँटेना कुठे बांधायचा? टॉवर नाही, गच्ची छोटी. तर आज माझ्या घरच्या परसातली गोष्ट सांगतो. गाव सातारा जिल्ह्यात आहे.

मला ४० मीटर बँडसाठी डायपोल हवा होता. हिशोब सोपा. १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं, की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २०.१४ मीटर, म्हणजे मधून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. आता आमचं परस कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तरी १७ मीटर! मग मी ठरवलं, आंब्यापासून थेट रस्त्याकडच्या नारळापर्यंत तार ओढू. बेचकीने दोरी टाकायला लागलो, तेवढ्यात बाबा बाहेर आले.

म्हणाले, "अरे, ही तार तुटली तर कुठे पडेल?"

मी वर बघितलं. खांबावरून घरात येणारी विजेची वायर बरोबर खालून जात होती. इंजिनिअर मी, एसडब्ल्यूआरचा विचार करत होतो, आणि हे दिसलंच नव्हतं. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

मग बेत बदलला. घरामागे, विजेच्या वायरपासून लांब, आठ मीटरचा बांबू उभा केला. डायपोलचा मध्य वर आणि टोकं उतरती, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. त्यामुळे तीच तार १७ मीटरमध्ये बसली. टोकं तीन मीटर उंचीवर ठेवली. आईने लगेच विचारलं, "कपडे वाळत घालता येतील का?" नाही! ट्रान्समिट करताना टोकांवर व्होल्टेज जास्त असतं, हात लागला तर भाजतं.

तार घरच्या वायरिंगची, प्लास्टिकच्या आवरणाची. त्या आवरणामुळे आणि जमीन जवळ असल्यामुळे रेझोनन्स खाली, ६.८ वर आला. म्हणजे तार लांब होती. एकदम कापली नाही. आधी टोकं मागे दुमडून बघितली, मग दोन्हीकडून मिळून साधारण ८५ सेंटिमीटर कमी केली. सूत्र फक्त सुरुवात करून देतं, शेवटचं माप बागच ठरवते.

आंब्याकडचं टोक झाडाला घट्ट बांधलं नाही. दोरी कप्पीवरून घेऊन पाण्याने भरलेला कॅन लटकवला. वाऱ्यात फांदी हलली की कॅन वर-खाली होतो, तार तुटत नाही. आणि ढग गडगडायच्या आधीच कोॲक्स रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवायची.

आठ मीटर उंची म्हणजे या बँडसाठी कमीच. पण त्यामुळे लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून परत खाली येतात, दिवसा शेकडो किलोमीटरच्या परिघात. पूर आला, मोबाइल बंद पडले, तर आपल्याला हेच अंतर लागणार ना?

त्या दुपारी सीक्यू दिला आणि हैदराबादहून उत्तर आलं. बाबा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त आवाज थोडा वाढवला.

तेव्हा मंडळी, टेप काढण्याआधी वर बघा आणि विचारा : तार तुटली, बांबू कलंडला, तर कुठे पडेल? उत्तरात विजेची वायर येत असेल, तर जागा बदला.

भेटू पुढच्या भागात. सेव्हन्टी थ्री!