जुनी मोटार पाहायला जाताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीला माझा भाचा घरी आला होता. फराळाची ताटली हातात असतानाच म्हणाला, "मामा, मला फियाट घ्यायचीय." मी आयटीआयमध्ये तीस वर्षे मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, त्यामुळे नात्यात कुणाला गाडी घ्यायची झाली की मला बोलावणे येते. पण ते नव्या गाडीसाठी, नाहीतर पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीसाठी. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ती बाजारातून जाऊन आता वीस-पंचवीस वर्षे होतील.

हा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशिन चालवतो. बरोबरीच्या पोरांनी हप्त्यावर नव्या गाड्या काढल्या. याला मात्र जुनी गाडी घेऊन, दर रविवारी थोडी थोडी खोलून, स्वतःच्या हाताने उभी करायची होती. त्याचे कारण मला ठाऊक होते. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मेहुण्यांची, भाड्याची फियाट मिरज स्टेशनबाहेर उभी असायची. कर्नाटकातून उपचारासाठी मिरजेला येणारे रुग्ण ते दवाखान्यात पोहोचवत. ते गेले तेव्हा हा सातवीत होता, आणि वर्षाच्या आत गाडी विकावी लागली. बहिणीचे म्हणणे एकच होते, "दारात भंगार आणून ठेवू नका." पोराजवळ सगळे मिळून दीड लाख रुपये होते. त्यातच घेणे, त्यातच दुरुस्ती.

मी त्याला सांगितले, दीड लाखाचे दोन भाग कर. निम्म्यात गाडी मिळाली तर घ्यायची, उरलेले निम्मे तिला लागणारच. त्याने मान डोलावली. पण गाडी दिसली की तरुण माणसाचे गणित कुठे जाते हे मी पाहिलेले आहे.

पहिली पद्मिनी पाहिली साताऱ्यात. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून सकाळी नऊला पोहोचलो. गाडी दारात उभी, नवा पांढरा रंग, नव्या सीट कव्हरांचा वास. भाचा हरखून गेला. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. तो गरम लागला. आम्ही येण्याआधी मालकाने गाडी चालू करून ठेवली होती. गार इंजिन सकाळी पहिल्यांदा कसे उठते, त्या वेळी सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे पाहिल्याशिवाय इंजिनाबद्दल बोलता येत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा आणि बोअर गेलेले आहेत.

तरीही इंजिनाची मला फारशी काळजी नसते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, साधे. आपल्या भागात लेथ आणि बोअरिंगची कामे करणाऱ्यांना तोटा नाही. सांगलीची वसंतदादा औद्योगिक वसाहत आहे, कोल्हापूरचे उद्यमनगर आहे. बाजारात न मिळणारा भाग नमुना दाखवून करून घेता येतो. तशी या गाडीची आणि आपल्या मुलखाची ओळख जुनीच आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांचेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे.

खरी काळजी पत्र्याची. जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी तो बदलता येतो. फियाटला तशी चासी नाही. फ्लोअर, दारांखालच्या पट्ट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. तो गंजला की गाडी आतून खचते. म्हणून मी खिशात एक लोहचुंबक आणि मऊ फडके ठेवतो. फडक्यातून चुंबक दारांच्या खालच्या कडेने फिरवायचा. पत्रा असेल तिथे तो धरतो. पुट्टी, म्हणजे आमचे पेंटर जिला लांबी म्हणतात ती, भरलेली असेल तिथे सुटतो. साताऱ्याच्या त्या गाडीवर चुंबक तीन ठिकाणी हातातून खाली पडला. मग जॅक मागितला. एक बाजू उचलली आणि दार उघडून लावून पाहिले. लागेना. जॅक काढला, दार लागले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याला पुढचे काही सांगावे लागले नाही.

बोलता बोलता कळले की गाडीची बरीच वर्षे महाबळेश्वरात गेली होती. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. गाडी घेताना नंबर प्लेट सगळेच वाचतात, एमएच-११ सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-५० कराड. मी विचारतो, गाडीचे पावसाळे कुठे गेले? पाटण, महाबळेश्वर किंवा घाटाखालच्या कोकणातली गाडी असेल तर खाली झोपून फ्लोअर पाहायचा. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातल्या गाडीची रबरे उन्हाने तडकलेली असतात, डॅशबोर्ड फाटलेला असतो, पण पत्रा शाबूत असतो. रबर विकत मिळते.

येताना कराडात एक जीप पाहिली. आरसीवर इंजिन पेट्रोलचे, बॉनेटखाली डिझेलचे. "एवढं चालतंय हो," असे विकणारा म्हणाला. चालत नाही. इंजिन बदलले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद आरसीवर हवी. आम्ही चहाही घेतला नाही.

सांगलीकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. त्या दोन्ही वेळी शेकडो वाहने पाण्याखाली होती. त्यातली काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात फिरतात. आम्हाला दाखवलेली एक मारुती ८०० अशीच होती. किंमत हवीहवीशी, रंग झकास. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. कार्पेट उचलला, खाली तोच गाळ. डॅशबोर्डखालचे स्क्रू तांबूस. पुराचे पाणी वायरिंगमध्ये शिरले की ते दोन वर्षांनीही त्रास देते. नाहीतर पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्याला मी मारुतीच घे म्हणेन. १९८३ च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली, २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होती, सुटे भाग अजून गावोगाव मिळतात. भाच्याने ऐकले नाही. त्याला गिअर स्टेअरिंगलाच हवा होता.

जानेवारीत कवठेमहांकाळच्या पुढे, जतच्या बाजूला एका वस्तीवर गाडी असल्याचा निरोप आला. गोठ्याच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली १९८७ ची पद्मिनी. चारही टायर बसलेले, आत उंदरांनी घर केलेले, बॅटरी नाही. चुंबक मात्र सगळीकडे चिकटला. मी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे थोडे ऑइल सोडले आणि तासाभराने पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिले. फिरले. कारमालक २०१८ मध्ये वारले होते. त्यांच्या पत्नी उंबऱ्यावर बसून आमचा उद्योग पाहत होत्या. म्हणाल्या, "ह्यांनी लई जीव लावला हुता गाडीला. पोरं म्हणत्यात भंगारवाल्याला द्या. चालवणार असशीला तर न्या." किंमत त्यांनी चाळीस हजार सांगितली. भाच्याने घासाघीस केली नाही, मीही करू दिली नाही.

अडचण पुढेच होती. पुष्कळांचा समज असतो की पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच जाते. दिल्ली परिसरात हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे वेगळे निर्बंध आले. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर चालत न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, शुल्क भरावे लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. बजेटमध्ये हे धरलेच पाहिजे. कुणीतरी भाच्याला सांगितले, "व्हिंटेजमध्ये घाल." ती २०२१ ची व्यवस्था पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे, शिवाय तशी गाडी रोज वापरता येत नाही.

जतच्या गाडीची मुदत २०१७ मध्येच संपली होती आणि आरसी मृत माणसाच्या नावावर. म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या संमतीने गाडी मावशींच्या नावावर; मग दुरुस्ती, मग तपासणी आणि नूतनीकरण; आणि त्यानंतर फॉर्म २९, ३० भरून भाच्याच्या नावावर. थोडक्यात, पोराने स्वतःचे पैसे घालून जी गाडी उभी करायची, ती तोपर्यंत कायद्याने त्याची नसणार. गाडी चालू झालेली पाहून मुलांनी किंमत वाढवली तर?

तिथेच बसलेल्या एका एजंटाने सोपा मार्ग सुचवला. टीटीओ फॉर्मवर "सही" करून देतो, काकांची. भाचा क्षणभर घुटमळला, हे मी पाहिले. मी त्याला बाहेर नेले आणि माझी गोष्ट सांगितली. १९९६ साली मी माझी जुनी गाडी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एकाला विकली होती. त्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. चार वर्षांनी तिचा अपघात झाला आणि नोटीस माझ्या दारात आली, कारण आरसीवर नाव माझेच. पुढची तीन वर्षे मी रजा काढून तारखांना जात होतो. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येही स्पष्ट केले आहे. आणि इथे तर मेलेल्या माणसाची खोटी सही.

मग आम्ही सरळ मार्गाने गेलो. दहा हजार रुपये इसार दिला. स्टॅम्प पेपरवर मावशी आणि तिन्ही मुलांच्या सह्यांनी करार केला, किंमत आणि मुदत घालून. थोरला मुलगा पुण्यात. त्याची सही मिळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत भाचा चिडला, बहीण मला बोलली, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटून गेले की पोराला उगाच अडकवले. शेवटी तो मुलगा स्वतःच मिरजेला आला. आरसी, वडिलांच्या हातची ऑइल बदलल्याच्या तारखांची वही आणि डिकीची किल्ली घेऊन. सही केली, शेडमध्ये अर्धी खोललेली गाडी पाहिली आणि बराच वेळ स्टेअरिंगमागे बसून राहिला.

गाडी टेम्पोत घालून आणली होती, हे सांगायचे राहिले. मुदत संपलेली, विमा नसलेली गाडी रस्त्यावरून ओढत किंवा चालवत आणू नये.

काम चालू आहे. टाकी आतून गंजली होती, ती साफ करून घेतली. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या काळचे रबर त्याला टिकत नाही. हे इथेनॉल आपल्याच उसाचे, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या माणसाला तक्रार तरी कुठे करायची! हेडचे काम सांगलीत झाले, ब्रेकचा मास्टर सिलिंडर मुंबईला कुर्ल्याच्या बाजारातून आणावा लागला. आतापर्यंत दुरुस्तीवर बासष्ट हजार गेले आहेत, टायर आणि आरटीओचे पैसे अजून बाकी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून चांगल्या पद्मिनीला मागणारे वाढल्यासारखे वाटतात. आमची रंगवलेली नसतानाही दोघे विचारून गेले. भाचा दार लावून घेतो.

गाडी मावशींच्या नावावर झाली आहे. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप भाच्याने स्वतः घेतली. गेल्या रविवारी इंजिन चालू झाले, तेव्हा बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न बोलता परत आत गेली. तपासणीची तारीख अजून घेतलेली नाही. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरत नाही, तो झाल्याशिवाय घ्यायची नाही असे ठरले आहे.