राजवाड्यातलं झाड, दारातली घोडी

डिसेंबर लागला की राष्ट्रप्रमुखांच्या घरांच्या सजावटीची छायाचित्रं जगभर फिरू लागतात. वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमधलं ब्लू रूमचं झाड दरवर्षी बातमीत असतं. इंग्लंडात विंझर किल्ल्याच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये वीसेक फूट उंचीचं झाड उभं राहतं आणि लोक तिकीट काढून ते पाहून येतात. मी बोलतो आहे कार्डिफमधून, वेल्सच्या राजधानीतून. इथे राजाचं घर नाही. गावाच्या मधोमध किल्ला आहे, पण तो ब्यूट घराण्याचा होता आणि 1947 च्या सुमारास शहराकडे आला. वेल्सच्या ग्रामीण भागात राजे चार्ल्स यांचं युवराजपदाच्या काळातलं एक घर होतं, तेही अलीकडे सोडलं गेलं. तरीही राजवाड्यातल्या सजावटीविषयी कार्डिफमधूनच बोलावं असं मला वाटतं, कारण माझं जे म्हणणं आहे त्याचा निम्मा पुरावा याच शहरात आहे. म्हणणं एवढंच: थंडीतल्या सणाची सजावट पूर्वी वाटून संपवण्यासाठी केली जायची. राजवाड्यातही तसंच होतं. पुढे ती नुसती पाहण्यासाठी उरली, आणि या बदलात आपण बरंच काही गमावलं.

सुरुवात करू या एका संध्याकाळपासून. साल 1800, नाताळचा दिवस, जागा विंझर. तिसरा जॉर्ज राजा होता आणि त्याची राणी होती शार्लट. ती जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्झ या छोट्या संस्थानातून लग्न होऊन 1760 च्या आसपास इंग्लंडात आली. तिच्या माहेरी नाताळात यू या झाडाची फांदी घरात आणून सजवायची रीत होती. ती रीत तिने सोबत आणली, आणि त्या वर्षी फांदीऐवजी अख्खं झाडच कुंडीत लावून क्वीन्स लॉजच्या दिवाणखान्यात उभं केलं. यू हे सदाहरित झाड आहे, वेल्समध्ये ते चर्चच्या आवारात जागोजाग दिसतं, आणि त्याची पानं नि बिया विषारी असतात. अशा झाडावर शार्लटने काय टांगलं होतं? कागदात बांधलेली मिठाई, बदाम आणि बेदाणे, फळं, खेळणी. फांद्याफांद्यांवर बारीक मेणबत्त्या. तिचं चरित्र लिहिणाऱ्या जॉन वॉटकिन्सने हा सगळा थाट नोंदवून ठेवला आहे. पण मला धरून ठेवलं ते त्याच्या पुढच्या वाक्याने. जमलेल्या मंडळींनी झाडाभोवती फिरून ते डोळे भरून पाहिलं, आणि मग प्रत्येक मुलाला झाडावरच्या खाऊतला वाटा आणि एक खेळणं मिळालं. मुलं आनंदात घरी गेली.

इथे जरा थांबू या. इंग्लंडच्या राजघराण्यातलं, ज्याचं नीट वर्णन आपल्यापर्यंत पोचलं आहे असं हे पहिलं नाताळचं झाड, आणि त्याचं एका संध्याकाळीच काम झालं. खाऊ बांधताना कुणीतरी तो किती मुलांना पुरेल याचा हिशोब केला असणार, कारण प्रत्येकाला वाटा मिळाला. म्हणजे शोभेसाठी टांगलेली वस्तू आणि मुलाच्या हातात पडणारी वस्तू एकच होती. आपल्याकडे संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण होतं, ते आठवा. बाळाला हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे ओतायचे, आणि भोवतीच्या पोरांनी ते वेचून न्यायचं. सगळं वेचलं गेलं नाही तर ते बोरन्हाण कसलं! शार्लटचं झाड त्याच जातीचं होतं. त्या खोलीत ते संपावं म्हणूनच सजवलेलं होतं. हा तपशील इतक्या लोकांनी ओझरता सांगून सोडून दिला आहे, की माझ्या ठरलेल्या मिनिटांतली दोनचार जास्त गेली तरी चालेल, पण तो मला सावकाश सांगायचा होता.

यानंतरच्या तीसचाळीस वर्षांत राजघराण्यात झाडं लागतच राहिली. 1832 च्या नाताळात तेरा वर्षांच्या राजकन्या व्हिक्टोरियाने आपल्या दैनंदिनीत दिवे आणि साखरेचे दागिने लावलेल्या झाडांची नोंद केली आहे. म्हणजे नाताळचं झाड इंग्लंडात आल्बर्टने आणलं, ही समजूत बरोबर नाही. पुढे व्हिक्टोरिया राणी झाली, 1840 मध्ये आल्बर्टशी तिचं लग्न झालं. आपल्याला पोचायचं आहे 1848 ला.

त्या डिसेंबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकाने विंझर किल्ल्यातलं राजघराण्याचं झाड छापलं. मेजावर फरचं झाड, भोवती राणी, आल्बर्ट आणि मुलं. सोबतचा मजकूर वाचण्यासारखा आहे. झाड आठेक फूट उंच, फांद्यांचे सहा थर, प्रत्येक थरावर डझनभर मेणबत्त्या, सोनेरी वर्ख लावलेली आल्याची बिस्किटं, शेंड्यावर देवदूत. खाऊ इथेही आहे. पण त्याच मजकुरात असंही सांगितलं आहे की ही झाडं नाताळच्या आदल्या दिवसापासून बाराव्या रात्रीपर्यंत, म्हणजे जवळपास दोन आठवडे, उभी असतात. सामान्य जनतेला ती पाहता येत नाहीत. राणीचे पाहुणे मात्र तिच्यासोबत दालनादालनातून फिरून ती पाहतात. शार्लटच्या झाडाभोवतीही लोक फिरले होते. पण तिथे फेरी संपल्यावर वाटप झालं. विंझरच्या या झाडांच्या बाबतीत फेरी हाच कार्यक्रम झाला. उरलेलं काम छापखान्याने केलं. एकदा चित्र छापलं गेलं की त्यातलं झाड रिकामं होत नाही. ज्या क्षणी ते पूर्ण भरलेलं होतं, तोच क्षण घरोघरी पोचला आणि सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली.

हे चित्र दोनेक वर्षांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकात आलं. तिथल्या संपादकांनी राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला आणि आल्बर्टच्या मिशा पुसल्या. राजा-राणी गेले, कुटुंब उरलं, झाड जसंच्या तसं. राजवाड्यातली सजावट सगळ्या घरांची कशी होते, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणार नाही. व्हाइट हाउसचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1890 च्या आसपास राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी नातवंडांसाठी वरच्या मजल्यावर मेणबत्त्यांचं झाड लावलं. 1961 मध्ये जॅकलिन केनेडी यांनी ‘नटक्रॅकर’ या बॅलेवर आधारलेली सजावट केली आणि दरवर्षी एखादं कल्पनासूत्र घ्यायची प्रथा पडली. तेव्हापासून चर्चा रंगते ती यंदाचं सूत्र कसं जमलं याची. झाडावरचं कुणाच्या हातात गेलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता कार्डिफला परत येऊ. ज्यांनी मधूनच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: सजावट वाटून संपवायची असायची, ती पाहायची झाली, हा माझा मुद्दा. शहराच्या पश्चिम कडेला सेंट फॅगन्स इथे लोकजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. 1948 मध्ये ते उघडलं, योरवर्थ पीट या अभ्यासकाच्या ध्यासातून. वेल्सभरातली जुनी घरं, शाळा, चर्च दगडादगडाने उचलून आणून तिथे पुन्हा बांधली आहेत. त्याच्या संग्रहात घोड्याची एक कवटी आहे. ती ‘मारी लुईड’. कवटी काठीवर बसवायची, खाली पांढरी चादर सोडायची, चादरीत एक माणूस शिरायचा आणि आतून दोरी ओढून जबडा वाजवायचा. डोळ्यांच्या जागी बाटलीच्या काचा, मानेवर रंगीत फिती, घंटा. नाताळ ते बारावी रात्र या दिवसांत पुरुषांची टोळी ही घोडी घेऊन दारोदार हिंडायची. दाराबाहेरून टोळीने पद्यात आव्हान द्यायचं, आतल्यांनी पद्यातच उत्तर द्यायचं, आणि घरातल्यांचे शब्द संपले की दार उघडून घोडीला आत घ्यायचं, केक आणि बिअर द्यायची. मारी लुईडचा आज ठाऊक असलेला सर्वांत जुना छापील उल्लेख 1800 सालच्या एका प्रवासवर्णनात आहे. म्हणजे राणीचं झाड आणि वेल्सची घोडी एकाच वर्षी आपल्या नजरेस पडतात. एक राजवाड्यात मुलांच्या हातून रिकामं होतं. दुसरी गावभर फिरते आणि तिला उत्तर दिल्याशिवाय चालत नाही.

दुसरी वस्तू त्याहून लहान आणि मला त्याहून प्रिय: कलेनिग. सफरचंदाला खालून तीन काटक्या टोचून पाय करायचे, अंगभर ओटचे दाणे किंवा लवंगा खोचायच्या, वर सदाहरित झाडाची डहाळी. नववर्षाच्या सकाळी मुलं हे सफरचंद मिरवत, गाणी म्हणत शेजाऱ्यांकडे जायची आणि दुपारी बारापर्यंत खाऊ किंवा पैसे गोळा करायची. प्लगाइनचाही उल्लेख करायला हवा. नाताळच्या पहाटे अंधारात होणारी ही कॅरोलची प्रार्थना. तिला लोक आपापली मेणबत्ती घेऊन जायचे आणि त्या आणलेल्या उजेडातच चर्च उजळायचं. सजवणारे, आणणारे, घेणारे, देणारे सगळे एकमेकांसमोर. जिथे राजाचं घर नव्हतं तिथे थंडीची सजावट अशी पायांवर चालणारी राहिली.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की 1848 चं ते चित्र छापलं गेलं नसतं तर झाड दरबारात आणि जर्मन कुळांच्या घरांतच राहिलं असतं. छापखान्याने ते कामगारांच्या घरात नेलं, मग पाहण्याला नावं का ठेवायची? हे खरं आहे, आणि मी चित्राला नावं ठेवत नाही. पण चित्रातून झाडाचं रूप तेवढं पोचलं. त्या रूपामागची कृती, म्हणजे परक्या मुलांना बोलावून आपल्या झाडावरचं त्यांना देऊन टाकणं, चित्रात येऊच शकत नव्हतं. देणं राहिलं ते घरातल्या घरात. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शार्लटच्या झाडाचा खाऊ मिळाला तो आसपासच्या प्रतिष्ठित घरांतल्या मुलांना. त्याच दिवशी साठेक गरीब कुटुंबांना जेवण दिलं गेलं, पण झाडापर्यंत ती पोचली नाहीत. हेही मान्य. राणीने समता आणली असं माझं म्हणणं नाही. झाडाचं काय करायचं याची तिची समज नंतरच्यांपेक्षा वेगळी होती, एवढाच माझा दावा आहे. आणि जी उणीव तिथे राहिली ती कलेनिगमध्ये भरून निघते, कारण तिथे साध्या घरचं मूल स्वतः केलेली सजावट घेऊन कुणाच्याही दाराशी उभं राहू शकत होतं.

तिसरा आक्षेप धर्मनिष्ठांचा. विल्यम रॉबर्ट्स या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने 1850 च्या सुमारास एका पुस्तकात मारी लुईडवर कडाडून टीका केली. दारू, आरडाओरडा, जुन्या अंधश्रद्धा. असल्या प्रथांना इतिहासकाराच्या संग्रहालयाखेरीज कुठेही जागा उरू नये, अशी त्याची इच्छा होती. दंगा होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण टीका करताना त्याने घोडीच्या गाण्याची वीसेक कडवी छापून ठेवली, आणि पुढे प्रथा जागवणाऱ्यांना तीच उपयोगी पडली. त्याची संग्रहालयाची इच्छा सेंट फॅगन्समध्ये पुरी झाली आहे. संग्रहालयाबद्दल मला मनापासून आदर आहे, ते नसतं तर पुष्कळ काही कायमचं गेलं असतं. तरी एक गोष्ट संग्रहालयाला करता येत नाही. तिथल्या कवटीला कुणी पद्यात उत्तर द्यावं लागत नाही. पाहणारा येतो आणि पाहून जातो, विंझरच्या पाहुण्यांसारखाच. माएस्टेगजवळच्या लॅन्गिनुइड गावात घोडी अजून निघते, इतर गावांतही ती पुन्हा सुरू झाली आहे. पण अगदी ऐनवेळी पद्य जुळवून टोळीला परतवण्याचं कसब दुर्मीळ होत चाललं आहे. पाठ केलेली कडवी दोन्ही बाजूंनी म्हटली जातात. मला हे नुकसान फितींचा रंग उडण्यापेक्षा मोठं वाटतं.

राहिला शेवटचा आक्षेप: आजच्या शहरात अनोळखी पोरांसाठी दार उघडणार कोण? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर अगदीच नाही असं नाही. ब्रिटनने 1750 च्या आसपास पंचांग बदललं आणि अकरा दिवस गाळले. पश्चिम वेल्सच्या पेंब्रुकशरमधल्या कुम ग्वाइन या खोऱ्यातल्या लोकांनी नववर्ष मात्र जुन्याच हिशोबाने धरलं. तिथे ते आजही 13 जानेवारीला येतं. विंझरचं झाड तोवर उतरवलेलं असतं. त्या दिवशी खोऱ्यातली मुलं घरोघर जाऊन वेल्श गाणी म्हणतात, माणसं दार उघडून ऐकतात आणि खाऊ नि सुटे पैसे त्यांच्या पिशवीत टाकतात.